मिसळलं की जुळलं?

रविवारची सकाळ. तुम्ही आळोखेपिळोखे देत स्वयंपाकघरात येता आणि आजी तांदळाचं ताट तुमच्यापुढे सरकवते. “नुसते बसू नका, एवढे खडे निवडा बघू!” तुम्ही थोडी कुरकुर करता, पण बसता. एकेक खडा वेचून बाजूला टाकता. दहा-पंधरा मिनिटांत तांदूळ एकीकडे आणि खडे दुसरीकडे. काम फत्ते!

आता अशी कल्पना करा, की आजीनं पाण्यानं भरलेला पेला पुढे केला आणि म्हणाली, “पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो म्हणतात ना? मग यातला हायड्रोजन निवडून द्या बरं!”

काय कराल? चाळणीतून चाळाल? फडक्यातून गाळाल? की सुपात घालून पाखडाल? दिवसभर खटपट केलीत तरी हायड्रोजनचा कणसुद्धा हाती लागायचा नाही. पाणी उकळून पाहिलंत तर त्याची वाफ होईल, पण वाफ म्हणजेसुद्धा पाणीच!

ताटात दोन वस्तू एकत्र होत्या. पाण्यातही दोन वस्तू एकत्र आहेत. मग एक काम इतकं सोपं आणि दुसरं इतकं अवघड का? कारण तांदूळ आणि खडे नुसते मिसळले होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मात्र एकमेकांशी जुळले आहेत. मिसळणं आणि जुळणं, या दोन शब्दांतला फरक एकदा कळला, की विज्ञानाच्या पुस्तकातला तो ‘मूलद्रव्य, संयुग, मिश्रण’ नावाचा धडा पाठ करायची गरजच उरत नाही. आणि हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही, बरं का. कधीकधी तो जिवावर बेतणारा असतो. कसा, ते पुढे पाहू.

प्रत्येकाचा स्वभाव शाबूत

भेळ आठवा. कुरमुरे कुरकुरीत, चिंचेची चटणी आंबट, कांदा तिखट. सगळं एकत्र कालवलं तरी कुरमुरा कुरमुराच राहतो आणि कांदा कांदाच. मिश्रणाची पहिली खूण हीच. मिसळलेल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव शाबूत राहतो. दुसरी खूण म्हणजे प्रमाणाचं बंधन नाही. कोणाला चटणी जास्त लागते, कोणाला कमी. भेळ ती भेळच. आणि तिसरी खूण, त्यातल्या वस्तू साध्या युक्तीनं वेगळ्या करता येतात. निवडणं, चाळणं, पाखडणं, गाळणं, घुसळणं, आटवणं, चुंबक फिरवणं, या सगळ्या त्याच युक्त्या. तुमच्या आजीला त्या तुमच्याआधीपासून येतात!

सगळीच मिश्रणं भेळेसारखी डोळ्यांना दिसत नाहीत. लिंबाच्या सरबतात साखर दिसते का? नाही, पण ती तिथेच असते, चवीवरून कळते. हवा तर मुळीच दिसत नाही, पण तीही मिश्रणच आहे. कोरड्या हवेचे १०० भाग केले, तर सुमारे ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन आणि जवळजवळ १ भाग आर्गॉन असतो. कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू उरलेल्या चिमूटभरात.

सोन्याच्या दागिन्याचंही तसंच. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोनं. ते इतकं मऊ असतं, की त्याची बांगडी चटकन वाकते. म्हणून त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. २२ कॅरट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग सोनं. गणित करून पाहा, हजारात साधारण ९१६ भाग येतात. आईच्या दागिन्यावर भिंगातून ‘९१६’ हा आकडा दिसला, तर तो कुठून आला ते आता तुम्हीच तिला सांगा.

आपल्या गोष्टींतला राजहंस म्हणे दूध आणि पाणी एकत्र दिलं तर दूध तेवढं पितो आणि पाणी मागे ठेवतो. ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द त्यावरूनच आला. पण पाणी न घातलेल्या गाईच्या दुधातसुद्धा १०० भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असतं! उरलेल्यात स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. म्हणजे ‘शुद्ध दूध’ हेही मुळात मिश्रणच. दुकानातलं ‘शुद्ध’ म्हणजे भेसळ नसलेलं, आणि रसायनशास्त्रातलं ‘शुद्ध’ म्हणजे एकाच प्रकारच्या पदार्थाचं. दोन्हींत गल्लत करू नका.

मिठागर ते मीठ

मिश्रण वेगळं करण्याचा मोठा कारखाना पाहायचा असेल, तर पालघर, रायगड या जिल्ह्यांतल्या खाडीकाठची मिठागरं पाहा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत बहुतेक वाटा आपल्या मिठाचा. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांमध्ये घ्यायचं आणि थांबायचं. ऊन आणि वारा पाण्याची वाफ करून नेतात, आणि वाफ्यात मिठाचे खडे दिसू लागतात.

पाणी गेलं, मीठ उरलं. मिश्रण सुटलं. पण आता पुढचा प्रश्न विचारा. या मिठाच्या खड्याच्या आत काय आहे?

आत आहेत दोघे जण, सोडियम आणि क्लोरीन. दोघांची ओळख करून घ्या, म्हणजे अंगावर काटा येईल. सोडियम हा चांदीसारखा चकाकणारा धातू, पण सुरीनं लोण्यासारखा कापता येतो. पाण्यात त्याचा तुकडा टाकला तर तो सुर्र सुर्र करत धावत सुटतो, पेट घेतो, कधी स्फोटही होतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. आणि क्लोरीन? हिरवट पिवळा, घुसमटवणारा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता.

एक पेट घेणारा, दुसरा जीव घेणारा. आणि दोघे जुळले की होतं काय, तर वरणभातावर आपण चिमूटभर घेतो ते मीठ! पेट घेणं गेलं, विष गेलं, आणि ज्याचा स्वभाव दोघांपैकी कोणाशीच जुळत नाही असा तिसराच पदार्थ तयार झाला. यालाच म्हणतात संयुग. भेळेतला कांदा कांदाच राहतो. मिठातला सोडियम मात्र सोडियमसारखा वागत नाही.

जाता जाता, दुकानातून आणलेल्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं असतं. गलगंड होऊ नये म्हणून किलोभर मिठात काही मिलिग्रॅम आयोडीन पोहोचेल, इतकं एक आयोडीनचं संयुग त्यात मिसळतात. म्हणजे मीठ हे संयुग, पण पुडीतलं मीठ हे मिश्रण. आहे ना गंमत?

आता यापुढे फोड नाही

मिठाची फोड केली की सोडियम आणि क्लोरीन मिळतात. मग सोडियमची फोड केली तर? तर काही नाही. तापवा, ठोका, आम्लात टाका, त्यातून विजेचा प्रवाह सोडा. सोडियममधून सोडियमपेक्षा साधा असा दुसरा पदार्थ निघत नाही. असा जो पदार्थ, तो मूलद्रव्य.

पूर्वी लोकांना हे माहीत नव्हतं. आपल्याकडे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश अशी पंचमहाभूतं मानत. ग्रीक लोक चार मानत. आजच्या रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं, तर माती हे मिश्रण, पाणी हे संयुग, हवा हे मिश्रण, आणि आग हा पदार्थच नव्हे. जळण्याच्या क्रियेचं ते दिसणारं रूप.

फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी छापली. आपल्याला ज्याची आणखी फोड करता येत नाही ते मूलद्रव्य, अशी त्यांची सरळ कसोटी होती. त्या यादीत चुनाही होता, आणि प्रकाश आणि उष्णता हेसुद्धा होते! पुढे १८०७ साली इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम वेगळा काढला, आणि १८०८ साली चुन्यातून कॅल्शियम. चुना यादीतून बाहेर पडला. मूलद्रव्यांची यादी अशी चुका सुधारत सुधारत तयार झाली आहे. आज तिच्यात ११८ नावं आहेत. त्यांतली काही फक्त प्रयोगशाळेत, तीही क्षणभरापुरती तयार होतात.

म्हणजे जगातलं पाणी, दगड, आंबा, माणूस आणि हे मासिक, सगळं शंभराच्या आसपास मूलद्रव्यांचं बनलेलं आहे. थोड्याशा मुळाक्षरांपासून लाखो शब्द बनतात ना, अगदी तसंच.

मूलद्रव्य किती चिवट असतं हे पाहायचं असेल, तर झारेकऱ्यांना विचारा. सराफाच्या पेढीत दागिने घडवताना सोन्याचे बारीक कण उडतात आणि केरात जातात. झारेकरी तो केर, ती माती गोळा करतात आणि पाण्यात हलवून हलवून धुतात. हलकी माती वाहून जाते. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते तळाशी राहतं. पावलांखाली तुडवलं गेलं, राखेत मिसळलं, तरी सोनं सोनंच राहिलं!

प्रमाण ठरलेलं

तुमची शिसपेन्सिल हातात घ्या. नाव ‘शिस’पेन्सिल, पण तिच्यात शिसं औषधालाही नाही! आतली काळी कांडी म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. हिऱ्यात असतो तोच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. माती जास्त घातली की पेन्सिल टणक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त घातलं की मऊ आणि काळीभोर. म्हणूनच दुकानात ‘एचबी’, ‘टूबी’ अशा तऱ्हतऱ्हेच्या पेन्सिली मिळतात. मिश्रणाचं प्रमाण आपल्या मर्जीवर असतं.

संयुगात ही मर्जी चालत नाही. ९ ग्रॅम शुद्ध पाण्याची फोड केली, तर १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. पाणी कृष्णेचं असो, विहिरीचं असो की हिमालयातल्या बर्फाचं. आधी त्यातले क्षार आणि गाळ काढून टाका, मग प्रमाण हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हा नियम मांडला. संयुगाची पाककृती निसर्गानं लिहून ठेवलेली आहे, तीत ‘चवीनुसार’ हा शब्दच नाही!

ताक का कळकतं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. दोन्ही धातू वितळवून एकत्र केलेले. आता पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार तासन् तास ठेवलं तर? ते कळकतं. हिरवट होतं, चव बिघडते, आणि पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. ताकातलं आम्ल तांब्याशी जुळून तांब्याची नवी संयुगं तयार करतं. भांड्यात ठेवलं होतं ताक, निघालं भलतंच!

यावर आपल्याकडे कल्हईचा उपाय होता. कल्हईवाला भट्टीवर भांडं तापवायचा, नवसागर टाकून आतला भाग स्वच्छ करायचा आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं ते भराभर पसरवायचा. क्षणात भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. कथील हे मूलद्रव्य. ताकातल्या आम्लाशी ते सहजासहजी जुळत नाही, आणि त्याचा थर ताकाला तांब्यापर्यंत पोहोचूच देत नाही. रसायनशास्त्राचा एक शब्दही न उच्चारता कल्हईवाला घराचं रक्षण करत होता.

करून पाहा

साहित्य: बांधकामाची मूठभर कोरडी वाळू, दोन चमचे मीठ, चुंबक, प्लॅस्टिकची पिशवी, पाणी, फडकं.

१. वाळू आणि मीठ एकत्र कालवा.
२. चुंबक पिशवीत गुंडाळा आणि मिश्रणातून सावकाश फिरवा. बहुतेक वेळा काळे बारीक कण चिकटतील. ते लोहयुक्त खनिजाचे कण.
३. उरलेल्या मिश्रणात पाणी घालून ढवळा आणि फडक्यातून गाळा. वाळू फडक्यावर राहील.
४. गाळलेलं पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवा. एक-दोन दिवसांत मीठ परत मिळेल. (चाखू मात्र नका!)

एका मिश्रणातून तीन पदार्थ, आणि एकाचाही स्वभाव बदलला नाही.

मिसळायला गेलो आणि जुळलं!

आता सुरुवातीला म्हटलेली जिवावर बेतणारी गोष्ट. हा भाग आईबाबांनाही वाचून दाखवा.

बाथरूम घासताना पुष्कळांना वाटतं, की ॲसिडही चांगलं, ब्लीचिंग पावडरही चांगली, मग दोन्ही एकत्र टाकली तर दुप्पट स्वच्छ होईल. भेळेचा हिशेब! पण इथे भेळ होत नाही. दोन्ही पदार्थांत रासायनिक क्रिया होते आणि क्लोरीन वायू सुटतो. होय, ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच. बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरतात, खोकला येतो, श्वास कोंडतो आणि फुप्फुसांना इजा होते. म्हणून साफसफाईच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या कधीही एकत्र ओतायच्या नाहीत. चुकून तसं झालंच, तर पुसत बसू नका. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट आणखी फसवी. १२ ग्रॅम कार्बन जळताना ३२ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळला, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच आपल्या श्वासातून बाहेर पडतो, सोड्याच्या बाटलीत फसफसतो. पण ऑक्सिजन कमी पडला आणि १२ ग्रॅम कार्बनला १६ ग्रॅमच मिळाला, तर तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. मूलद्रव्यं तीच, फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा. पण हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. मग शरीराला ऑक्सिजन पोहोचायचा कसा? डोकं दुखतं, गरगरतं, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो.

थंडीच्या रात्री दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, किंवा झरोका बंद असलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. या वायूला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं संयुग मुद्दाम मिसळतात. पण शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये असा वास मिसळायला कोण येणार? तिथे सावध राहायचं काम आपलं. झरोका उघडा ठेवायचा, गॅस गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर बसवायचा, आणि पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपायचं नाही. बाथरूममध्ये गेलेलं माणूस हाक मारूनही ओ देत नसेल, तर वाट पाहत थांबायचं नाही. मोठ्यांना बोलवायचं, दार उघडायचं, त्याला मोकळ्या हवेत आणायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

ओळखा पाहू!

खालच्या वस्तूंपैकी मूलद्रव्य कोणतं, संयुग कोणतं आणि मिश्रण कोणतं? उत्तरं झाकून ठेवा.

१. साखर २. पारा ३. गोडा मसाला ४. लोखंडावरचा गंज ५. कांसं ६. हिरा ७. कोकम सरबत ८. तुरटी

उत्तरं: पारा आणि हिरा ही मूलद्रव्यं. साखर, गंज आणि तुरटी ही संयुगं. गोडा मसाला, कांसं (तांबं आणि कथील) आणि कोकम सरबत ही मिश्रणं.

सगळी बरोबर आली? मग पुढच्या रविवारी आजीनं तांदळाचं ताट सरकवलं, तर कुरकुर करू नका. खडे निवडता निवडता तिलाच विचारा, “आजी, ताटातले खडे मी काढून देतो. पण मिठातला क्लोरीन कोण काढून देईल, सांग बरं?”